जुनं एअर पिस्तूल, अकरा महिन्यांनंतर

नव्या इम्पोर्टेड पिस्तुलाची किंमत ऐकून बायकोने चहाचा कप खाली ठेवला, म्हणून जुनं घेतलं. 10 मीटरच्या नेमबाजी स्पर्धेचं, म्हणजे मॅच एअर पिस्तूल, नेमबाजी क्लबमधल्या एका दादाकडून. माझं वय 43, काम बसून करायचं, घर प्रतापनगरला.

पिस्तुलाची तक्रार नाही. ट्रिगर दाबायला लागणारा जोर 500 ग्रॅमच्या किंचित वर, म्हणजे स्पर्धेच्या नियमात. ग्रिप हाताला मोठी होती. लाकडाची पुट्टी भरून, सँडपेपरने घासून आठवडाभरात जमवली. ही तेवढी कामं हातची.

फसलो ते सिलिंडरमध्ये, म्हणजे पिस्तुलाला लागणारी दाबाची हवा भरायच्या नळकांड्यात. नळी पाहिली, साईट पाहिली, पेटीचे कडीकोयंडेसुद्धा पाहिले, पण सिलिंडरवर कोरलेली तारीख पाहिली नाही. मॅच पिस्तुलांच्या कंपन्या सिलिंडरची मुदत साधारण 10 वर्षं देतात. माझ्या दोनांपैकी एकाची दोन महिन्यांत संपली. क्लबच्या सरांनी तो हातातून काढूनच घेतला, "200 बार दाबाची हवा असते भाऊ यात, गंमत नाही." नवा घेताना जुनं घेऊन वाचवलेल्यातले बरेच पैसे गेले.

हवा हातपंपाने भरतो, गच्चीवर. अर्ध्यावरून पूर्ण भरायला दीडेकशे झटके लागतात. घाईत भरलं की काटा 200 वर जातो आणि चहा पिऊन येईतो 185 वर उतरलेला असतो. आधी वाटलं, गळतंय. वॉशर बदलायला निघालो होतो! दाबलेली हवा तापते, निवली की दाब उतरतो, एवढंच. आता पन्नास झटक्यांनंतर थांबतो. पावसाळ्यात पंपाचा ओलावा काढणारा फिल्टर बदलायचा, आणि नागपूरच्या मे महिन्यात भरलेला सिलिंडर गाडीच्या डिकीत विसरायचा नाही.

पेलेटवर, म्हणजे शिशाच्या छोट्या गोळ्यांवर, मात्र काटकसर करू नका. सपाट डोक्याचेच घ्या, नेमाच्या कार्डावर भोक गोल आणि स्वच्छ पडतं. भोक वर्तुळाच्या रेषेला नुसतं टेकलं तरी वरचा गुण मिळतो, त्यामुळे फाटकं भोक म्हणजे भांडण. मी आधी स्वस्त डबा आणला, त्यात कित्येकांचे घेर चेपलेले. मग पिस्तूल टेकवून 4.49 आणि 4.50 मिमी असे दोन्ही आकार पाच-पाच झाडून पाहिले. माझ्या नळीला 4.49 मानवले. 500 चा डबा, एका वेळी 60, म्हणजे आठ दिवसांचा सराव. शिसं असतं, हात धुतल्याशिवाय पोह्यांना हात लावायचा नाही.

लायसन्सचं सगळे विचारतात. बोअर, म्हणजे नळीचं भोक, 4.5 मिमी आणि ताकद 20 जूलच्या आत असेल तर लागत नाही. खरेदीचा कागद मात्र मी पेटीतच ठेवतो.

खर्च कमी करणारी खरी गोष्ट ड्राय फायर, म्हणजे नुसताच ट्रिगर दाबायचा सराव. पिस्तुलात तशी सोय आहे. रोज रात्री भिंतीवर काळा ठिपका चिकटवून वीस मिनिटं, हवा नाही, पेलेट नाही. मुलगी मागून मोजते, आणि ट्रिगर दाबताना मनगट हललं की जोरात "हललं!" म्हणते.