जुनी कंबरदुखी आणि माइंडफुलनेस : काही महिन्यांच्या सरावानंतर

एमआरआयमध्ये मणक्याची चकती किंचित सरकलेली दिसत होती, शस्त्रक्रियेची गरज मात्र नव्हती. अस्थिरोगतज्ज्ञांनी फिजिओथेरपीच्या जोडीला माइंडफुलनेसचा, म्हणजे शरीरात आणि मनात त्या क्षणी जे चालले आहे त्याकडे सजगपणे लक्ष देण्याच्या सरावाचा, आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम सुचवला, तेव्हा मी मनातून नाराज झालो. दुखते कमरेत आणि उपचार मनावर, म्हणजे आपले दुखणे खोटे ठरवले जात आहे, असेच वाटले. ही शंका दूर झाल्याशिवाय कोणी मनापासून सराव करील, असे मला वाटत नाही.

मी तयार झालो तो आकडे वाचून. २०१६ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात जुनी कंबरदुखी असलेल्या ३४२ जणांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. २६ आठवड्यांनंतर, दैनंदिन हालचालींत लक्षणीय सुधारणा झालेल्यांचे प्रमाण माइंडफुलनेसच्या गटात सुमारे ६१ टक्के होते आणि नेहमीचेच उपचार घेणाऱ्यांत ४४ टक्के. फरक आहे, पण चमत्कार नाही. दावा एवढाच असल्यामुळे विश्वास बसला.

जॉन काबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात सुरू केलेल्या या पद्धतीत आठवड्याला एक वर्ग आणि घरी रोज साधारण पाऊण तास सराव अपेक्षित असतो. विपश्यनेशी तिचे नाते उघड आहे, परंतु इगतपुरीला दहा दिवस बैठक मारण्याच्या कल्पनेनेच ज्यांची कंबर धरते, त्यांच्यासाठी मोठी सोय अशी की येथे सतरंजीवर आडवे पडून, गुडघ्यांखाली उशी घेऊन सराव करता येतो. डाव्या पायाच्या बोटांपासून लक्ष हळूहळू वर सरकवत न्यायचे. सुरुवातीचे काही आठवडे केवळ कंटाळ्याचे गेले. मांडीपर्यंत पोहोचण्याआधीच झोप लागत असे.

पुढे एक गोष्ट ध्यानात आली. खुर्चीतून उठण्यापूर्वी मी श्वास रोखत होतो, दात आवळत होतो आणि टेबलावर तळहात दाबत होतो. कळ यायच्या आधीच सगळे अंग तिच्या तयारीला लागलेले असे. हा ताण दिसू लागला तसा तो सैलही पडू लागला. दुखणे गेलेले नाही, पण पाण्याची बादली दिसताच पोटात येणारा गोळा गेला, चालणे वाढले आणि वेदनाशामक गोळी क्वचितच लागते. फिजिओथेरपीचे व्यायाम मी सोडलेले नाहीत. त्यामुळे यातले श्रेय नेमके कशाला किती, हे वेगळे काढता येणार नाही.

अभ्यासक्रमाची ध्वनिमुद्रणे मात्र कंटाळवाणी आहेत आणि रोजचा पाऊण तास नोकरदार माणसाला जड जातो. मी आता निम्म्या वेळावर आलो आहे. पायात बळ कमी वाटणे, लघवी-शौचावरील ताबा जाणे, ताप किंवा अकारण वजन घटणे असे काही असल्यास सतरंजी अंथरण्याऐवजी तातडीने डॉक्टरांकडे जावे.