फोंड्यातील फायनाइट मॅथेमॅटिक्सची शिकवणी : एक अभिप्राय

पदवीच्या पहिल्या वर्षाला फायनाइट मॅथेमॅटिक्स आणि मॉडेलिंग (कॅल्क्युलस न वापरता व्यवहारातले प्रश्न गणितात मांडून सोडवणे) हा विषय घेतलेल्या विद्यार्थ्यांसाठी फोंडा शहरात सायंकाळी चालणाऱ्या एका खाजगी शिकवणी वर्गात मी पूर्ण सत्र शिकले. वाणिज्य शाखेतून आलेल्या आणि कॅल्क्युलसचा धसका घेतलेल्या विद्यार्थ्यांना हा वर्ग मी निःसंकोच सुचवीन. येथे सूत्र शिकवण्याआधी प्रश्न मांडायला शिकवतात, हे त्याचे मुख्य कारण आहे.

लिनिअर प्रोग्रामिंगचा, म्हणजे मर्यादित साधनांतून जास्तीत जास्त फायदा काढण्याच्या रीतीचा, धडा याचा उत्तम नमुना होता. सरांनी फळ्यावर समीकरण न लिहिता घरगुती मिठाई करणाऱ्या बाईंचा हिशेब तोंडी सांगितला. एका बेबिंकाला दोन लिटर नारळाचे दूध आणि तीन तास लागतात, तर एक किलो दोदोलला एक लिटर दूध आणि दोन तास; हाताशी 16 लिटर दूध आणि 27 तास आहेत; नफा बेबिंकामागे 350 रुपये आणि दोदोलच्या किलोमागे 200 रुपये. चल (ज्यांची किंमत शोधायची त्या राशी) कोणते, मर्यादा कोणत्या आणि कशाचे महत्तमीकरण करायचे, म्हणजे काय जास्तीत जास्त करायचे, हे आम्हीच ठरवायचे होते, आणि जवळजवळ सगळा तास त्यातच गेला. आलेख काढून कोपऱ्यांचे बिंदू तपासल्यावर पाच बेबिंका आणि सहा किलो दोदोल, म्हणजे 2950 रुपये नफा, असे उत्तर आले. त्यानंतर सरांनी विचारले की आणखी एक लिटर दूध मिळाले तर काय होईल. गणित पुन्हा सोडवल्यावर सात बेबिंका, तीन किलो दोदोल आणि 3050 रुपये आले, म्हणजेच त्या जादा लिटरसाठी नेहमीच्या भावापेक्षा वर जास्तीत जास्त 100 रुपये मोजणे परवडते. छाया किंमत (एखादे साधन एका एककाने वाढल्यास नफ्यात होणारी वाढ) या संकल्पनेने माझ्या मनात घर केले ते त्या क्षणी. जॉर्ज डँट्झिग यांनी 1947 मध्ये मांडलेली सिम्प्लेक्स पद्धत, म्हणजे असे प्रश्न तक्ता मांडून पायरीपायरीने सोडवण्याची रीत, यानंतर शिकवली गेली, त्यामुळे तक्त्यातला प्रत्येक आकडा काय सांगतो हे कळत होते.

मोजणीची तत्त्वे आणि मॅट्रिक्स हे भाग नेटके झाले. गोवा विधानसभेच्या 40 सदस्यांतून पाच जणांची समिती 6,58,008 प्रकारे निवडता येते, हे उदाहरण संयोगाचे सूत्र पक्के करायला पुरेसे ठरले. कर्जाच्या हप्त्यांचा धडा तर प्रत्येक घरात उपयोगी पडेल असा आहे: पाच लाखांचे कर्ज वार्षिक नऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे 10,379 रुपये होतो आणि व्याजापोटी सव्वा लाखाच्या आसपास रक्कम जाते.

मार्कोव्ह साखळ्यांवर, म्हणजे पुढची स्थिती फक्त आताच्या स्थितीवरून संभाव्यतेने ठरवणाऱ्या मॉडेलवर, मात्र अन्याय झाला. पावसाच्या दिवसानंतर पुन्हा पाऊस पडण्याची संभाव्यता 0.8 आणि कोरड्या दिवसानंतर पाऊस पडण्याची 0.4 धरली, तर दीर्घकाळात तीनपैकी दोन दिवस पावसाचे येतात, इथपर्यंत रीत समजली. परंतु उद्याचा पाऊस केवळ आजच्या दिवसावरच अवलंबून असतो हे गृहीतक गोव्याच्या जुलैला कितपत लागू पडते, यावर चर्चा झाली नाही. मॉडेलिंगचा खरा अभ्यास गृहीतके तपासण्यातच असल्यामुळे ही उणीव मला गंभीर वाटते. संगणकाचा वापरही जवळजवळ नाही. सरावासाठी स्प्रेडशीट घरीच उघडावी लागते.

प्राथमिक शिक्षण मराठीतून झालेल्यांना येथे एक मोठा आधार मिळतो: इंग्रजीतला लांबलचक शाब्दिक प्रश्न सर आधी मराठीतून उलगडून सांगतात आणि उत्तर परीक्षेच्या भाषेत लिहून घेतात. बॅच लहान असल्याने शंका विचारायला संकोच वाटत नाही, आणि शुल्क शहरातील इतर वर्गांच्या तोडीचे आहे. उसगाव किंवा धारबांदोड्याहून येणाऱ्यांनी प्रवेश घेण्यापूर्वी परतीच्या बसची वेळ पाहून बॅच निवडावी, कारण एखादे उदाहरण रंगले की वर्ग ठरलेल्या वेळेच्या पुढे जातो.