जाळ बाथरूमच्या बाहेर: आमच्या सहा लिटरच्या गॅस गिझरबद्दल

गॅस गिझर घ्यायला कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत गेलात तर दुकानदार तुम्हाला लिटर सांगेल, वॉरंटी सांगेल, पुढच्या पत्र्यावर छापलेली फुलं दाखवेल. तुमचं बाथरूम केवढं आहे, हे विचारणार नाही. आम्हालाही कुणी विचारलं नाही. म्हणून हा रिव्ह्यू यंत्रापेक्षा त्याच्या जागेबद्दल जास्त आहे, आणि कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. या किमतीतल्या गिझरांची झाकणं काढून बघा, आत तेच असतं: तांब्याची कॉइल, खाली बर्नर, पाण्याच्या दाबावर उघडणारा व्हॉल्व्ह आणि ठिणगीसाठी दोन जाडे सेल. हिवाळा आणि पावसाळा दोन्ही बघून मगच लिहितेय.

आधी चांगलं सांगते. मंगळवार पेठेतलं आमचं घर जुनं, सोपा-माजघर-परडं असं लांबलचक. माणसं सात. पुतण्या पहाटे तालमीत जातो आणि अंगभर माती घेऊन येतो, त्याच वेळी जाऊबाईंची शाळेची घाई. पंधरा लिटरचा विजेचा गिझर होता तेव्हा तिसऱ्या माणसाला कोमट पाणी मिळायचं आणि चौथ्याला भांडण. गॅस गिझरला थांबणं माहीत नाही. नळ सोडला की टक-टक-टक, भप्प, आणि पाणी तापायला सुरुवात. डिसेंबर-जानेवारीत कोल्हापुरात पहाटे पारा चौदा-पंधराला येतो, तेव्हाही बादली भरते ती कडक पाण्यानेच.

खर्चाचं म्हणाल तर एक बादली, म्हणजे अठरा लिटर पाणी, वीस अंशांनी तापवायला साधारण चाळीस ग्रॅम गॅस लागतो. १४.२ किलोच्या टाकीत हिशेबाने साडेतीनशे बादल्या बसतात. टाकी नऊशेच्या घरात धरली तर बादलीला अडीच रुपये. विजेवर त्याच बादलीला अर्ध्या युनिटच्या आसपास जातं, ते तुमच्या बिलातल्या दराने गुणून बघा. आमच्याकडे जवळजवळ निम्म्याचा फरक पडला. पाण्याला आणि पैशाला पूर्ण मार्क.

आता फिटिंग. दुकानाने पाठवलेला पोरगा हाताचा चपळ, पण आल्या आल्या बाथरूममध्ये शिरला आणि नळाच्या वर खुणा करायला लागला. म्हटलं, थांब, हा आत लावायचा नाही. तो हसला. "वैनी, समदी आतच लावत्यात की. वर जाळी हाय न्हवं? कुनाला काय हुतंय?"

आमच्या ह्यांची सगळी नोकरी शिरोलीच्या फाउंड्रीत झाली. क्युपोलाच्या, म्हणजे लोखंड वितळवायच्या भट्टीच्या, माल टाकायच्या दाराशी उभं राहून डोकं जड होणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. त्यांनी दुकानाच्या बिलामागेच हिशेब मांडून त्या पोराला दाखवला. सहा लिटरचा गिझर पूर्ण जाळावर म्हणजे घरातल्या शेगडीचे पाच-सहा मोठे बर्नर एकदम पेटवल्यासारखं. दहा मिनिटांत दीडशे ग्रॅमच्या पुढे गॅस जळतो. आमचं बाथरूम चार बाय सहा, उंची नऊ फूट. दार-खिडकी बंद असेल तर तेवढ्या हवेतला एक तृतीयांश ऑक्सिजन त्या दहा मिनिटांत संपतो. वर पाव लिटर पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड त्याच खोलीत. ऑक्सिजन कमी पडला की गॅस पुरता जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार व्हायला लागतो. त्याला रंग नाही, वास नाही. टाकीतल्या गॅसला जो घाण वास येतो तो मुद्दाम मिसळलेल्या रसायनाचा, आणि जळताना तोही जातो. त्यामुळे "वास आला असता की" या भरवशावर राहू नका. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून जास्त ओढीने या वायूला धरतं. माणसाला आधी गरगरतं, मळमळतं, मग पायातलं बळ जातं. कडी आतून लावलेली असते.

आणि एकामागून एक अंघोळी असतील तर पहिल्याला बहुधा काही होत नाही. तो बाहेर येऊन "मस्त पाणी आहे" म्हणतो. बिघडलेली हवा वाट्याला येते ती तिसऱ्या-चौथ्याच्या. "आमच्याकडे इतकी वर्षं आतच आहे, काय झालं?" असं सांगणारे बहुतेक पहिल्या नंबरला अंघोळ करणारे असावेत.

मला खरं आश्चर्य वाटतं ते आपलंच. बंब होता तेव्हा त्याची जागा परड्यात. मधून धुराडं वर गेलेलं, लाकडं बाहेर, जाळ बाहेर, आत यायची ती फक्त गरम पाण्याची बादली. तेव्हा धूर दिसायचा, डोळे झोंबायचे, म्हणून तो घरात घ्यायचं कुणाच्या मनात आलं नाही. आता निळा स्वच्छ जाळ दिसतो, म्हणून तोच जाळ डोक्यावर टांगून आपण दार लावून घेतो.

तर आमचा गिझर परड्याकडच्या बाहेरच्या भिंतीवर आहे. पावसासाठी वर पत्र्याची झाप, एका बाजूला आडोसा, पुढून आणि दुसऱ्या बाजूने मोकळं. पोराने तडजोड म्हणून बाथरूमच्या जाळीच्या बरोबर खाली लावतो म्हटलं होतं. तेही नको. खालून निघालेली गरम हवा सरळ वर जाते, जाळीतून आत येते, आणि आत एक्झॉस्ट पंखा असेल तर तो ओढूनच घेतो. जाळीपासून बाजूला सरकवून घेतला. भिंतीला भोक पाडून सीपीव्हीसीचा पाइप आत आणला. साधा पीव्हीसी गरम पाण्याला चालत नाही, मऊ पडतो; पोरगा तोच लावायला निघाला होता, कारण पिशवीत तोच होता.

दुसरी खटपट गॅसची. पोरगा म्हणाला, "शेगडीच्या नळीला टी मारू, दुसरी टाकी कशाला?" रबरी नळीला मधे जोड द्यायचा नसतो, हे गॅस एजन्सीचा माणूसही सांगतो. गिझरला वेगळी टाकी, वेगळा रेग्युलेटर आणि तारेची जाळी असलेली नारिंगी सुरक्षा नळी, दीड मीटरच्या आत. नळीवर साल छापलेलं असतं, पाच वर्षं झाली की बदलायची. टाकी उभी, जमिनीच्या पातळीवर, मोरीच्या तोंडापासून लांब. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली बसतो आणि गटारात उतरतो. शेवटी साबणाचं पाणी लावून जोड बघायला सांगितले तर पोरगा काडेपेटी काढत होता. काडेपेटी मी काढून घेतली.

यंत्राला चार तारे देते, कारण तक्रारीही आहेत. बाहेर असल्यामुळे पाइपातलं गार पाणी आधी येतं, पाव बादली जाते. ती आम्ही धुण्याला वापरतो. जुलैत वारं सुटलं की कधीकधी जाळ विझतो. सेन्सर गॅस लगेच तोडतो हे बरं, पण डोक्याला साबण लावलेल्या माणसाला त्याचं कौतुक नसतं. दमट हवेत सेलच्या टोकांना हिरवट गंज चढतो, ती पुसावी लागतात. एप्रिल-मेमध्ये सगळ्यात कमी जाळावरही पाणी पोळतं, नळ मोठा सोडावा लागतो.

सुरक्षेच्या सोयी डब्यावर मोठ्या अक्षरांत छापल्या आहेत: जाळ विझला तर गॅस बंद, पाणी जास्त तापलं तर बंद, वीस मिनिटांनी आपोआप बंद. शेवटचीवर फार विसंबू नका. नळ बंद करून पुन्हा सोडला की वीस मिनिटं पुन्हा शून्यापासून सुरू होतात. सात माणसांच्या घरात तो टायमर पूर्ण होतच नाही. विकत घेताना आयएस १५५५८ हा भारतीय मानकाचा मार्क बघा आणि ऑक्सिजन कमी झाला की बंद होणारा सेन्सर आहे का, हे स्पष्ट विचारा. आमच्यात नाही, आणि दुकानात विचारलं तेव्हा मला पाण्याचा सेन्सर दाखवण्यात आला.

हा सेन्सर मला कळला भाच्याकडून. तो टेक्ससमध्ये राहतो. त्याच्या दिवाणखान्यात बिनधुराड्याची गॅसची शेकोटी आहे, सिरॅमिकची लाकडं, खाली जाळ. मी व्हिडिओ कॉलवर पहिला प्रश्न केला, "धूर कुठं जातो रे?" तर म्हणाला, "मावशी, खोलीतच." तिकडे अशा शेकोटीत तो सेन्सर असावाच लागतो, खोलीतला ऑक्सिजन एकवीसवरून अठरा टक्क्यांच्या आसपास आला की गॅस तोडतो. ताशी चाळीस हजार बीटीयूच्या (उष्णता मोजायचं एकक) वर अशी शेकोटी बनवत नाहीत, झोपायच्या खोलीत दहा हजार आणि बाथरूममध्ये सहा हजारांची मर्यादा. आमचा सहा लिटरचा गिझर बेचाळीस हजारांच्या घरात जातो. इतकं करूनही पुस्तिकेत खिडकी किंचित उघडी ठेवा म्हणून लिहिलेलंच आहे, आणि कॅलिफोर्नियात अशी शेकोटी घरात लावायला परवानगीच नाही. त्यांची सहा हजारांची बाथरूम आणि आपली बेचाळीस हजारांची, हे आकडे मी त्या फिटरला पुढच्या भेटीत ऐकवले. तो म्हणाला, "अमेरिकेत थंडी जास्त असतीया."

अलार्मही घेतला आहे, आणि त्यात फसवणूक फार. "गॅस डिटेक्टर" म्हणून जे स्वस्तात मिळतं ते गळणारा एलपीजी ओळखतं, कार्बन मोनॉक्साइड नाही. डब्यावर कार्बन मोनॉक्साइड असं स्पष्ट लिहिलेलं आणि ईएन ५०२९१ हे मानक असलेलं बघून घ्या. तो शंभर पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग) दहा ते चाळीस मिनिटांत वाजतो, तीनशेला तीन मिनिटांच्या आत. बाथरूमच्या आत वाफेत लावू नका, बाहेर माजघरात लावा. त्याचा सेन्सरही कायमचा नसतो, मागे संपायचं साल असतं. गिझर बाहेर असताना अलार्म कशाला, असं जाऊबाईंनी विचारलं. वारा उलटा फिरला तर काय, एवढंच माझं उत्तर.

सर्व्हिसिंगला दुकानाचा माणूस आला तो सेल बदलून आणि फडक्याने पुसून निघाला होता. पैसे दिले नाहीत. नंतर राजारामपुरीतून एक वयस्कर मेकॅनिक बोलावले. त्यांनी पुढचं झाकण उतरवलं, बर्नरच्या भोकांतली कोळ्याची जाळी काढली, कॉइलच्या पात्यांवरची काजळी ब्रशने झाडली आणि मग पेटवून मला जाळ दाखवला. आधी टोकाला पिवळा होता, आता सगळा निळा. पिवळा जाळ म्हणजे हवा कमी किंवा बर्नर घाण, वापर तिथेच थांबवायचा. साडेचारशे रुपये घेतले, मला जास्त वाटले नाहीत. वर्षातून एकदा, दिवाळीच्या अभ्यंगाच्या आधी, हे करून घेणार.

भाड्याच्या घरात गिझर आधीच आत टांगलेला असेल आणि मालक ऐकत नसेल, तर एवढं तरी करा: दार सताड उघडं ठेवून बादल्या भरा, गिझर बंद करा, मग आत जाऊन दार लावा. अंगावर शॉवर घेत गिझर चालू ठेवायचा नाही. नुसत्या एक्झॉस्ट पंख्याने भागत नाही; दाराखालून हवा आत यायला वाट नसेल तर तो पंखा नुसता फिरतो. कडी अशी बसवा की बाहेरूनही उघडेल. आत कुणी ओ देत नसेल तर दार तोडून आधी माणसाला मोकळ्या हवेत ओढा, गॅस बंद करा आणि १०८ ला फोन लावा. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर अशा वेळी अठ्ठ्याण्णव-नव्याण्णव दाखवू शकतं, कारण त्याला हा वायू आणि ऑक्सिजन यांतला फरक कळत नाही. त्यावर जाऊन घरी झोपवू नका, दवाखान्यात ऑक्सिजन लावावा लागतो.

वरच्या मजल्यावर धाकट्या दिरांना असाच हवा होता. तिथे गच्चीवरच्या टाकीची उंची नळापासून जेमतेम चार फूट, तेवढ्या दाबाने व्हॉल्व्हच उघडत नाही, आणि लावायला बाहेरची भिंतही नाही. दुकानदार म्हणाला, प्रेशर पंप घ्या आणि आत लावू. दिरांनी पंचवीस लिटरचा विजेचा घेतला.