अमोनिया किट घ्याच, पण पीएच मोजायची सोयही करा

रोहू-कटल्याचे मत्स्यजिरे (अगदी लहान पिल्ले) सोडायच्या तळ्यातला अमोनिया मोजायला एपीआय कंपनीचा थेंबांचा किट खुशाल घ्या. एका डब्यात १३० चाचण्या होतात. नळी तळ्याच्याच पाण्याने विसळून ५ मिलीच्या रेघेपर्यंत भरायची, पहिल्या बाटलीचे ८ थेंब, मग दुसरीचे ८, टोपण लावून ५ सेकंद जोरात हलवायची आणि ५ मिनिटे थांबायचे. बाटली अगदी उभी उलटी धरा. तिरकी धरली की थेंब लहान-मोठे पडतात. रंग दिवसाच्या उजेडात, पांढऱ्या कागदावर, किटमधल्या रंगकार्डाशी ताडून पाहा. पिवळा म्हणजे शून्य, पुढे हिरवा गडद होत ८ पीपीएमपर्यंत (दशलक्ष भागांत ८ भाग) जातो. शून्य आणि ०.२५ यांतला फरक मात्र चटकन ओळखता येत नाही.

खरी गोम पुढेच आहे. किट एकूण अमोनिया दाखवतो. पिल्लांना मारतो तो त्यातला मुक्त अमोनिया. ३० अंश तापमानाला त्याचा वाटा पीएच (पाणी किती आम्ल की अल्कधर्मी याचा आकडा) ७ ला एक टक्काही नसतो, ८ ला साडेसात टक्के आणि ९ ला जवळपास ४५ टक्के. पिल्लांसाठी तो ०.०५ पीपीएमच्या आत हवा. म्हणजे कार्डावरचा तोच १ पीपीएम सकाळी निभावतो आणि शेवाळाने हिरव्यागार झालेल्या तळ्यात दुपारी तीनला, पीएच ९ ला चढला की, त्यातला मुक्त अमोनिया मर्यादेच्या नऊपट होतो. कल्ल्यांची नाजूक त्वचा सुजते, तिच्यावर बुळबुळीत थर चढतो. पाण्यात ऑक्सिजन असूनही पिल्ले वर येऊन धापा टाकतात, खाणे सोडतात. वाचली तरी खुरटतात.

म्हणून पीएच मोजल्याशिवाय हा आकडा अर्धवटच. याच कंपनीचा हाय रेंज पीएच किट ८.८ ला थांबतो, तळ्यासाठी साधा मीटर बरा.

आकडा चढला की आधी पेंड-कोंडा बंद करा, थोडे पाणी बदला. चुना टाकू नका, त्याने पीएच वाढून विष आणखी तीव्र होते.

पिल्ले ज्या पिशवीतून आणता तिच्यातले पाणीही तपासा. प्रवासात अमोनिया साचतो, पण कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच उतरलेला असतो, म्हणून पिल्ले तगतात. पिशवी उघडली की वायू निघून जातो, पीएच चढतो. तापमान जुळवायला पिशवी बंदच तरंगत ठेवा, उघडल्यावर रेंगाळू नका आणि पिल्ले जाळीने गाळून घ्या. पिशवीतले पाणी तळ्यात ओतू नका.