कोलोमा की डाउनीव्हिल? सोन्याच्या गावी एकच वीकेंड असेल तर

बे एरियात, म्हणजे कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास, पुण्याहून आईबाबा आले की योसेमिटी आणि टाहो होतंच. उरलेल्या वीकेंडला 'सोन्याची गावं' बघू म्हणावं, तर हायवे ४९ वर ही दोन नावं समोर येतात. १८४९ साली सोन्यासाठी धावत आलेल्यांवरूनच रस्त्याला हा आकडा मिळालाय.

कोलोमा जवळचं. सॅन होजेहून अडीच-तीन तास, म्हणजे एका दिवसात जाऊन येता येतं. २४ जानेवारी १८४८ ला जेम्स मार्शलला अमेरिकन नदीच्या दक्षिण फाट्यावर, लाकूड कापायची गिरणी बांधताना सोनं दिसलं ते इथेच. त्याआधी ही निसेनान या मूळ अमेरिकन आदिवासी लोकांची वस्ती होती, गावाचं नावही तिच्यावरूनच आलं. आज बराचसा भाग सरकारी उद्यान आहे: गिरणीची प्रतिकृती, टेकडीवर मार्शलचा पुतळा, वाह हॉप आणि मान ली ही जुनी चिनी दुकानं.

पण मुलं रमतात ती सोनं धुण्यात. पैसे भरले की हौदावर शिकवतात. परात पाण्याखाली धरून गोल हलवायची, पुढची कड जरा खाली. हलकी वाळू वाहून जाते, तळाला काळी लोहयुक्त वाळू राहते आणि तिच्या कडेला मोहरीच्या सालपटाएवढा पिवळा कण. सासूबाईंना तो पहिल्याच परातीत सापडला. "हे तर आपल्या झारेकऱ्यांचं काम!" म्हणाल्या. सराफांच्या दुकानापुढची धूळ धुऊन सोनं काढणारे त्यांनी लहानपणी पाहिलेले. हौदात कण आधीच टाकलेले असतात हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

जुलैत मात्र ऊन भाजून काढतं आणि राफ्टिंगवाल्यांची झुंबड असते. वर धरण आहे, पाणी सोडलं की पातळी चढते. मुलांना काठावर एकटं सोडू नका.

डाउनीव्हिलला चार तास धरा, आणि मुक्काम हवाच. नेव्हाडा सिटीनंतर रस्ता उत्तर युबा नदीला बिलगून वळणं घेत जातो. घाट लागणाऱ्यांनी गोळी घेऊनच बसावं. पेट्रोल ग्रास व्हॅलीत भरा, फोनच्या रेंजवर विसंबू नका. शाकाहारींनी दशम्या-चटणी बांधून न्यावी.

जेमतेम तीनशे वस्तीचं हे गाव अजून काउंटीचं (म्हणजे तिथल्या जिल्ह्याचं) मुख्य ठाणं आहे. दोन नद्यांचा संगम गावातच, रात्री अंथरुणात पडल्यापडल्या पाणी ऐकू येतं. कोर्टाशेजारी १८८५ ची फाशी द्यायची चौकट उभी आहे, एकदाच वापरलेली. तिच्याआधी, ५ जुलै १८५१ ला, होसेफा नावाच्या मेक्सिकन बाईला जमावाने पुलावर फाशी दिली. आदल्या रात्री तिचं दार तोडणाऱ्या खाणकामगाराला तिने भोसकलं होतं. ही गोष्ट आठदहा वर्षांच्या मुलांना कशी सांगायची ते आधी ठरवून जा. नदीत डुंबायचं तर ऑगस्टमध्ये. जूनपर्यंत वितळलेल्या बर्फाचं पाणी जोरात असतं.

मला विचाराल तर मी डाउनीव्हिलला पुन्हा जाईन, कारण तिथे लोक अजून राहतात. पण गुडघे दुखणारे आईबाबा आणि सहा वर्षांचं पोर बरोबर असेल तर निमूट कोलोमा. नकाशात दोन्ही एकाच रस्त्यावर दिसतात म्हणून एका दिवसात उरकायला जाऊ नका, मधे दोन तासांहून जास्त वळणं आहेत.