दिंडोरीच्या मळ्यावरून आठ महिने: वाईनरी, मिसळ आणि उन्हात तापलेली एक बाटली

सासऱ्यांचा मळा दिंडोरी तालुक्यात. नोव्हेंबरपासून जूनपर्यंत महिन्यातून एक शनिवार-रविवार तिथे काढला आणि दर खेपेला आसपासची एखादी वाईनरी, एखादं खाण्याचं ठिकाण केलं. सुला, यॉर्क सगळ्यांना माहीत आहेत, म्हणून तिथे कसं जायचं वगैरे लिहीत नाही.

सुला जायचं तर मंगळवार-बुधवारी. शनिवारी गर्दीत टेस्टिंगवाल्याला दोन प्रश्नही विचारता येत नाहीत. यॉर्क २०२१ पासून सुलाकडेच आहे, पण तिथून गंगापूर धरणाचं पाणी दिसतं, आणि 'अ‍ॅरॉस' ही शिराझ-काबर्ने द्राक्षांची रेड वाईन मला इथल्या सगळ्या रेडमध्ये जास्त आवडली. कावनईची व्हॅलोने लहान आणि शांत. मुकणे धरणाकडे बघत बसायचं, दुपार कशी जाते कळत नाही.

फेब्रुवारीत मामांना (सासऱ्यांना) सोबत नेलं. त्यांची बाग थॉमसनची, खाण्याच्या द्राक्षाची. वाईनच्या बागेतला बारीक, जाड सालीचा, बियांचा मणी तोंडात टाकून म्हणाले, "जावईबापू, हा माल बाजारात कोणी हातात धरणार नाही. पण गोडी बघा!" साखर मोजूनच तोडणी करतात, बावीस-चोवीस ब्रिक्सपर्यंत (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप) थांबतात, हे तिथल्या माणसाने सांगितल्यावर दोघांचं तासभर छाटणीवर बोलणं चाललं. पूर्ण आठ महिन्यांतला हा माझा सगळ्यात आवडता तास.

आता मे महिना. एका वाईनरीच्या दुकानातून ९०० रुपयांची शेनिन ब्लां ही व्हाइट वाईन घेतली. संध्याकाळी मळ्यावर उघडली तर बूच वर सरकलेलं, रंग गडद पिवळा, वास शिजवलेल्या पेरूसारखा. बाटली उष्णतेने गेली होती. गाडीत तापली म्हणावं तर त्याच बर्फाच्या पेटीत दुसऱ्या वाईनरीची बाटली होती, ती उत्तम निघाली. मग आठवलं, दुकानातलं फडताळ पश्चिमेच्या काचेला टेकलेलं होतं आणि चारच्या उन्हात बाटल्या चमकत होत्या.

दुसऱ्या दिवशी बाटली घेऊन गेलो. "उघडलेली परत घेत नाही," एवढंच उत्तर. अहो, उघडल्याशिवाय खराब आहे हे कळणार कसं? मी म्हटलं, एक घोट घेऊन बघा. घेतला नाही. ९०० रुपये गेलेच, पण ज्या मातीत मामांसारखी माणसं वर्षातून दोनदा छाटणी करून, अवकाळीला तोंड देत द्राक्ष पिकवतात, तिथला माल शेवटच्या दहा फुटांत उन्हात नासवायचा, याचा मला खरा राग आला. तेव्हाच त्या वाईनरीला एक तारा देऊन हे लिहायला घेतलं होतं.

जूनमध्ये चित्र थोडं बदललं. मेल केली होती, त्यावर वाईन बनवणाऱ्या बाईंचा स्वतःहून फोन आला. बॅच नंबर विचारला, माफी मागितली, आणि पुढच्या खेपेला तळघरातली बाटली काढून दिली. ती शेनिन काय सुरेख होती! पिकल्या अननसाचा वास, शेवटी हलकी आंबट धार. सासूबाईंच्या कांद्याच्या भज्यांबरोबर अर्ध्या तासात संपली. म्हणून तीन तारे. चौथा देणार नाही, कारण फडताळ अजून त्याच काचेपाशी आहे.

खाण्याचं थोडक्यात: साधनाची चुलीवरची मिसळ सकाळी लवकर, नऊनंतर रांग लागते. बुधा हलवाईची जिलेबी गरमच खा, बांधून आणलेली मऊ पडते. परतताना कोंडाजीचा चिवडा.

उन्हाळ्यात जाणार असाल तर व्हाइटच्या लेबलवरचं साल बघा, शेनिन शक्यतो दोन वर्षांच्या आतली घ्या. फडताळावरची नको, आतल्या थंड खोलीतली मागा. गाडी चालवणाऱ्याने टेस्टिंग घेऊ नये. आणि सोबत थर्माकोलची पेटी ठेवा. आमची मामांच्या द्राक्षांचीच आहे.