फुंकणी : आठ महिन्यांच्या वापरानंतर

खिशात मावणारं ब्रेथ ॲनालायझर कशाला घेतात, हे सांगायला नको. आमचं फ्युएल सेलवालं आहे. पाच सेकंद फुंकायचं, बीप झालं की थांबायचं, आकडा बघायचा. पहिल्याच दिवशी घरात त्याचं नाव ‘फुंकणी’ पडलं. आठ महिने वापरून आज लिहायला बसले, कारण परवा ती रुसली. बिघडली नाही, रुसलीच. पडद्यावर ‘कॅलिब्रेशन करा’, म्हणजे माप पुन्हा जुळवून घ्या, आणि पुढे ढिम्म.

पण आधी तोटीबद्दल.

तोटी म्हणजे तोंडात धरायची प्लास्टिकची नळी. अर्ध्या बोटाएवढी आणि पारदर्शक, म्हणजे टेबलावर ठेवली की दिसेनाशी व्हायची पूर्ण सोय. खोक्यात पाच मिळतात. यंत्राला तोटी अडकवून ठेवायला खाच नाही, सोबतच्या पिशवीला कप्पा नाही. पहिली तोटी पेपर नॅपकिनबरोबर कचऱ्यात गेली. दुसरी नवऱ्याच्या शर्टाच्या खिशातून वॉशिंग मशीनमध्ये. तिसरी मी निर्जंतुक करायला उकळत्या पाण्यात टाकली, ती आक्रसून शेंगेसारखी वाकडी झाली. चौथीचा पत्ता नाही. ज्यांनी आत प्लॅटिनमचा मुलामा दिलेले इलेक्ट्रोड बसवले, त्यांना बाहेर एक खाच पाडता येऊ नये?

असो. मोजमापाबद्दल तक्रार नाही. आधीचं स्वस्तातलं सेमीकंडक्टर सेन्सरवालं ॲसिटोनच्या नेलपॉलिश रिमूव्हरने नखं पुसून फुंकलं तरी आकडा दाखवायचं. फ्युएल सेलमध्ये श्वासातल्या अल्कोहोलचं ॲसेटिक ॲसिड होतं आणि त्यातून निघणारा वीजप्रवाह मोजला जातो, म्हणून असली फसगत खूपच कमी. यंत्र श्वासातलं अल्कोहोल मोजून त्याला २१०० ने गुणतं आणि रक्तातलं प्रमाण टक्क्यांत सांगतं. २१०० ही सरासरी. माणसामाणसात ती थोडी पुढेमागे होते, तेव्हा दुसऱ्या दशांशावरून भांडू नये. आम्ही भांडलो.

एक प्रयोग मात्र प्रत्येकाने करावा. वाइनचा घोट तोंडात घोळवून बेसिनमध्ये थुंकला, एक थेंब गिळला नाही. लगेच फुंकलं तर ०.११! पंधरा मिनिटांनी ०.००. तोंडात रेंगाळलेलं अल्कोहोल होतं ते. शेवटच्या घोटानंतर पंधरा मिनिटं थांबा असं माहितीपत्रकात लिहितात ते यासाठीच.

आता खरी गोष्ट. आम्हा दोघांनाही वाइन आवडते. बाहेर जायचं तर इतकी वर्षं पाळी असायची : एकाने प्यायची, दुसऱ्याने गाडी चालवायची. फुंकणी आली आणि आम्हाला अक्कल सुचली. दोघांनीही थोडी थोडी घ्यायची, निघताना फुंकायचं, ज्याचा आकडा कमी तो चालवेल. टॅक्सीचे पैसे वाचले म्हणून मी खूश. पहिल्या महिन्यात मी हिला पाचपैकी पाच दिले असते.

मग एका रात्री याने जेवताना दोन ग्लास घेतले. वीस मिनिटं थांबून फुंकलं तर ०.०२. ‘‘बघ, निघू या,’’ म्हणाला. यजमानांनी गोडाचं आणलं, गप्पा लांबल्या, पाऊण तास गेला. चपला घालताना मी सहज म्हटलं, अरे, पुन्हा एकदा फुंक.

०.०४.

मधल्या काळात पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. यंत्रालाच दोष देऊन पुन्हा फुंकलं. पुन्हा ०.०४. पोटातली वाइन अजून रक्तात उतरत होती, एवढंच. भरल्या पोटी तर आकडा चढायला आणखी वेळ घेतो. म्हणजे पहिल्या आकड्यावर निघालो असतो, तर अर्ध्या वाटेत दुप्पट. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत मर्यादा ०.०८ आहे, युरोपात बऱ्याच ठिकाणी ०.०५, भारतात ०.०३, स्वीडनमध्ये ०.०२. एकाच रस्त्यावर एकाच माणसाने यातल्या दोन रेषा ओलांडल्या असत्या, आणि खिशात ‘पुरावा’ ०.०२ चा. त्या रात्री टॅक्सी केली. घरी येऊन माहितीपत्रक पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचलं. शेवटच्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरात : गाडी चालवावी की नाही हे ठरवण्यासाठी हे यंत्र वापरू नये.

मग वापरायचं कशासाठी, असा प्रश्न मलाही पडला. तिथून माझं मत फिरलं. रागाने फिरलं आणि नंतर पुन्हा हिच्याच बाजूने फिरलं.

कारण फुंकणीने मला माझा ग्लास दाखवला. आकडे हिशेबापेक्षा जास्त येत होते म्हणून एकदा घरचा ‘एक ग्लास’ मोजपात्रात ओतून पाहिला : २१० मिली. पुस्तकी ग्लास १५० चा, ७५० च्या बाटलीत पाच. त्यात बाटली १२ टक्क्यांची की साडेचौदाची, हे मी कधी लेबलावर वाचलंच नव्हतं. १२ टक्क्यांच्या १५० मिलीत साधारण १४ ग्रॅम अल्कोहोल, साडेचौदाच्या तेवढ्यातच १७. वर बाईच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी, म्हणून त्याच मापाला माझा आकडा नवऱ्यापेक्षा चढा. विडमार्क नावाच्या स्वीडिश संशोधकाने १९३२ मध्येच याचं सूत्र मांडलंय. मी ते बेसिनपाशी उभी राहून शिकले.

आणि सकाळ! लग्नाच्या वाढदिवसाला घरीच तीन (घरच्या मापाचे) ग्लास झाले. मध्यरात्री ०.१२. सकाळी सातला, झोप झालेली, आंघोळ झालेली, कॉफी झालेली, गाडीची किल्ली हातात, फुंकलं तर ०.०२. शरीर तासाला ०.०१५ च्या आसपासच उतरवतं. कॉफीने जाग येते, आकडा हलत नाही. ही एक फुंकर मला सगळ्या यंत्राच्या किमतीची वाटली. आता रात्रीसाठी हिच्याकडे पाहतच नाही. बाटली उघडायच्या आधी परतीची टॅक्सी बुक करून ठेवतो, नाहीतर जुनी पाळी. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र फुंकल्याशिवाय किल्लीला हात नाही.

तेवढ्यात हे रुसणं. कॅलिब्रेशन वर्षाने करायचं किंवा ठरावीक फुंकरा झाल्या की, जे आधी होईल ते. फुंकरा संपल्या कुठे, तर आमच्याकडच्या पाहुण्यांत. यंत्र दिसलं की प्रत्येकाला फुंकायचं असतं, आणि ज्याचा आकडा जास्त तो जिंकल्यासारखा हसतो. नंतर नंतर मी माणशी एक फुंकर असं रेशन लावलं होतं. उशीर झाला. सर्व्हिसवाल्याला फोन केला, वर्ष कुठे झालंय? तो म्हणाला, ‘‘मॅडम, तुमचा वापर जास्त आहे.’’ हे वाक्य या यंत्राच्या बाबतीत कसं ऐकू येतं, याचा त्याने विचार केला नसावा. खर्च सांगितला तेवढ्यात चार वेळा टॅक्सीने घरी आलो असतो. वाद घातला, पाठवलं.

इथवर लिहून दहा दिवस झाले. काल फुंकणी परत आली. ३४ अंशांच्या, ठरावीक अल्कोहोलच्या वाफेवर तपासल्याचा कागद सोबत आहे. आधी ती ०.०१ ने जास्त दाखवत होती म्हणे. म्हणजे मी आठ महिने थोडी जास्तच शहाण्यासारखी वागले. पाचपैकी चार.

तक्रार केली म्हणून तोट्यांचं नवं पाकीटही फुकट पाठवलंय. गोल तोंडाच्या आहेत. आमच्या यंत्राचं भोक लांबट आहे. जुनी पाचवी तोटी आता चष्म्याच्या डबीत असते, आणि डबी कुठे असते ते मी पाहुण्यांना सांगत नाही.